उतरणीचा हिशेब

माझा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. गुडघे दुखणाऱ्या रुग्णांची त्याविषयी जुनी आणि रास्त तक्रार आहे; परंतु त्या जिन्याचा मला एक उपयोग होतो. रुग्ण दारात येण्यापूर्वीच त्याच्या पावलांचा आवाज कानी पडतो आणि तपासणी आटोपून तो कसा उतरतो हेही ऐकू येते. फेब्रुवारीत एक जुने, ओळखीचे दांपत्य आले. काका ७२ वर्षांचे, काकू ६८ वर्षांच्या. चढताना काका मध्येच एकदा थांबले, काकू थांबल्या नाहीत. जाताना मात्र उलटे झाले. काका भराभर उतरून गेले आणि काकूंचे पाऊल प्रत्येक पायरीवर दोनदा वाजत राहिले. आधी एक पाय, मग त्याच्या शेजारी दुसरा.

दुखणे घेऊन ते आले नव्हते. त्यांची मुलगी जर्मनीत, म्युनिकला असते. मे महिन्यात रजा काढून ती आईवडिलांना इटलीचा समुद्रकिनारा दाखवणार होती. तिने दोन जागा सुचवल्या होत्या. एक वायव्येकडील लिगुरिया प्रांतातील चिंक्वे तेर्रे आणि दुसरी दक्षिणेकडील कांपानिया प्रांतातील अमाल्फीचा किनारा. दोन्हीकडे डोंगर थेट समुद्रात उतरतात, दोन्हीकडे कड्यालगत जुन्या पायवाटा आहेत आणि दोन्हींना युनेस्कोने १९९७ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला आहे. काकांना अमाल्फीच हवे होते. तिथल्या पायवाटेचे छायाचित्र त्यांनी मला मोबाइलवर दाखवले. "डॉक्टर, आता नाही तर कधी?" काकूंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "मला कुठेही चालेल. हे हिंडतील हवे तेवढे, मी हॉटेलात बसेन."

"मी हॉटेलात बसेन" हे लक्षण वैद्यकाच्या पुस्तकात दिलेले नाही. मी मात्र ते रक्तदाबाच्या आकड्याइतक्याच गांभीर्याने नोंदवून ठेवतो. वडीलधाऱ्या स्त्रियांच्या तोंडी ते विशेष येते. त्यामागे बहुधा एखादे दुखणे असते, जे सांगितले तर सगळ्यांचा बेत मोडेल अशी त्यांना धास्ती वाटते. काकूंना थोडे अधिक विचारल्यावर एकेक गोष्ट बाहेर आली. उतरताना गुडघे दुखतात हे पहिले. नवा चष्मा घेतल्यापासून पायरीची कडा नीट दिसत नाही हे दुसरे. आणि तिसरे, जे त्यांनी काका बाहेर गेल्यावरच सांगितले, ते म्हणजे प्रवासात स्वच्छतागृह कुठे सापडेल याची खात्री नसल्याने त्या दिवसदिवस पाणी पीत नाहीत.

वाचकहो, परदेशातील सहलीसाठी जागा निवडताना आपण छायाचित्रांची तुलना करतो, आणि छायाचित्रात समुद्र सगळीकडे सारखाच निळा असतो. साठी ओलांडलेल्या माणसांनी आणि त्यांना नेणाऱ्या मुलांनी त्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. चालता चालता मध्येच थांबावेसे वाटले, तर तिथून परतण्याची सोय काय? आणि घरातले जे माणूस चालणार नाही, ते कुठे आणि किती वेळ बसून राहील? या दोन प्रश्नांची उत्तरे या दोन किनाऱ्यांवर अगदी वेगळी मिळतात. मी दोन्ही ठिकाणी, काही वर्षांच्या अंतराने, पत्नीसह राहून आलो आहे.

चिंक्वे तेर्रे म्हणजे पाच गावे. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. डोंगराच्या उतारावर शतकानुशतके रचलेले बिनचुन्याचे दगडी बांध आहेत आणि त्यांवर द्राक्षांचे मळे. कोकणातले गडगे पाहिलेल्या माणसाला ते परके वाटत नाहीत. मात्र ज्येष्ठांच्या दृष्टीने तिथली सर्वांत मोलाची गोष्ट द्राक्षांची नव्हे, आगगाडीची आहे. ला स्पेत्सिया ते लेवांतो या मार्गावर ही पाचही गावे येतात. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला गाडीने जेमतेम काही मिनिटे लागतात आणि हंगामात दिवसभर गाड्यांची ये-जा चालू असते. म्हणजे पायवाटेने एका गावाहून निघून दुसऱ्या गावी पोहोचावे, तिथे गुडघ्यांनी नकार दिला तर स्थानक गाठावे आणि मुक्कामी परतावे. दिवस फुकट गेला असे कोणालाच वाटत नाही.

याचा अर्थ ती वाट सोपी आहे असा मात्र कृपया घेऊ नका. पाच गावांना जोडणारी 'निळी वाट' सुमारे १२ किलोमीटरची. अंतर किरकोळ वाटते. परंतु मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा हा सुमारे साडेतीन किलोमीटरचा पहिलाच टप्पा दीड-दोन तास घेतो, कारण तो उंचसखल दगडी पायऱ्यांचा आहे आणि काही ठिकाणी समोरून माणूस आला तर अंग चोरून उभे राहावे लागते. कोर्नील्या हे गाव समुद्रापासून सुमारे १०० मीटर उंचीवर बसले आहे. स्थानकापासून गावात जायला ३८० च्या आसपास पायऱ्या आहेत. शेजारीच छोटी बस मिळते. ती घ्यावी, त्यात कमीपणा नाही. कोर्नील्या आणि मानारोला यांमधला किनाऱ्यालगतचा टप्पा दरडींमुळे वर्षानुवर्षे बंद राहिलेला आहे आणि त्याला पर्याय म्हणून दाखवली जाणारी डोंगरावरची वाट ज्येष्ठांच्या कामाची नाही. रिओमाज्जोरे ते मानारोला ही 'प्रेमाची वाट' मात्र सुमारे एक किलोमीटरची आणि जवळजवळ सपाट आहे. २०१२ मध्ये दगड कोसळून पर्यटक जखमी झाल्यावर ती बंद झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा उघडली. तिच्यासाठी वेळ ठरवून स्वतंत्र तिकीट काढावे लागते, ते मुलांनी आधीच काढून ठेवावे.

आणखी एक सपाट वाट फारशी कोणी सांगत नाही. लेवांतोहून बोनास्सोलाकडे जाणाऱ्या जुन्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून तिथे पायी आणि सायकलने जाण्याचा रस्ता केला आहे. बोगद्यांतून सावलीत चालायचे, आणि बोगदा संपला की समोर समुद्र. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या माणसालाही मी तिथे निर्धास्तपणे पाठवीन.

आता अमाल्फी. सौंदर्याचाच निवाडा करायचा झाला तर माझे मत अमाल्फीच्या बाजूने पडेल, हे कबूल करतो. तिथले कडे अधिक उंच, समुद्र अधिक खोल वाटणारा, आणि लिंबांच्या बागांवर जाळ्या अंथरलेल्या. पण या किनाऱ्याला रेल्वे नाही. एका टोकाला सोर्रेंतो आणि दुसऱ्या टोकाला सालेर्नो येथे ती थांबते. मधला प्रवास कड्यात कोरलेल्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्याने बसमधून करायचा, किंवा साधारण एप्रिल ते ऑक्टोबर या काळात आणि समुद्र शांत असेल तर बोटीने. आंबा घाटात किंवा पसरणीच्या घाटात ज्यांना गाडी लागते, त्यांनी या बसचा विचार आधीच करावा. गाडी लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या प्रोमेथाझिनसारख्या जुन्या गोळ्यांनी वयस्कर माणसाला गुंगी येते, तोंड कोरडे पडते आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अडकू शकते. गुंगीत बसमधून उतरायचे आणि समोर पोझितानोच्या पायऱ्या, हा योग मला मुळीच पसंत नाही. बोट मिळत असेल तर बोटच घ्यावी.

काकांनी मला दाखवलेले छायाचित्र 'देवांच्या वाटे'चे होते. आजेरोलाजवळच्या बोमेरानो गावातून, समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटरवरून, ती सुरू होते आणि सहा-सात किलोमीटर चालल्यावर सुमारे ४४० मीटर उंचीवरच्या नोचेल्ले या वस्तीपाशी संपते. रमतगमत गेले तर तीन तास लागतात. या तीन तासांत मध्येच सोडून देण्याजोगे ठिकाण जवळपास नाही. पुढे जा किंवा आल्या वाटेने मागे फिरा.

नोचेल्लेला पोहोचलो तेव्हा मी त्रेपन्न वर्षांचा होतो आणि स्वतःच्या तब्येतीवर खूश होतो. तिथून पोझितानोला छोटी बस जाते. पत्नी म्हणाली, "अहो, बसने जाऊ." मी पाहिले तर दुसरीकडे पायऱ्या खाली गेलेल्या, सुमारे १७००, थेट किनाऱ्यालगतच्या रस्त्यापर्यंत. चढायच्या थोड्याच आहेत, उतरायच्याच तर आहेत, असा विचार मी केला. रोज रुग्णांना गुडघ्यांविषयी उपदेश करणारा हा गृहस्थ हाच विचार करतो, हे लिहिताना आजही ओशाळायला होते. ती बसने गेली, मी पायऱ्यांनी. शेवटच्या तीनशे पायऱ्यांत मांड्या थरथरू लागल्या. दुसऱ्या दिवशी खुर्चीवरून उठताना टेबलाचा आधार लागला. तिसऱ्या दिवशी पॉम्पेईचे अवशेष पाहायचे होते. मी त्यांतला एक बाक मोठ्या बारकाईने पाहिला. पत्नीने चकार शब्द काढला नाही, ते अधिक बोचले.

असे का होते ते नीट समजून घ्या, कारण सहलीची आखणी करताना चढ मोजला जातो आणि उतार फुकट धरला जातो. चढताना हृदय आणि फुप्फुसे कामाला लागतात, दम लागतो, आणि दम लागला की माणूस आपोआप थांबतो. उतरताना दम लागत नाही, म्हणून थांबण्याची सूचनाही मिळत नाही. पण मांडीच्या पुढच्या स्नायूंना शरीराचे वजन प्रत्येक पायरीवर धरून ठेवत, स्वतः ताणले जात, ब्रेकसारखे काम करावे लागते. स्नायूंची खरी दुखापत या ब्रेकच्या कामात होते आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते. गुडघ्याच्या सांध्यात मोजणीची साधने बसवून केलेल्या अभ्यासांत असे आढळले आहे की, सपाट चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, तर जिना उतरताना सुमारे साडेतीनपट. ज्यांच्या कूर्चा झिजल्या आहेत त्यांना हे आकडे सांगावे लागत नाहीत.

त्यात चष्म्याची भर. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग जवळचे वाचण्यासाठी असतो. उतरताना आपण खाली पाहतो ते नेमके त्याच भागातून, आणि चार फुटांवरची पायरी धूसर दिसते. मुलांना वाटते आईचा तोल गेला. खरे तर आईला पायरीच दिसलेली नसते. अशा प्रवासासाठी फक्त दूरच्या नंबरचा साधा चष्मा करून घ्यावा आणि चालताना तोच लावावा. काकूंना मी पहिला सल्ला हाच दिला, आणि तो गोळ्यांपेक्षा स्वस्तही होता.

काकांची गोष्ट वेगळी होती. ते जिन्यात थांबले, याकडे दुर्लक्ष करून प्रवासाची चिठ्ठी लिहून देणे मला शक्य नव्हते. हृदयाच्या तपासण्या केल्या. सुदैवाने त्यांत गंभीर काही निघाले नाही. रक्तात हिमोग्लोबिन मात्र ९.६ होते आणि बी-१२ जीवनसत्त्व फार कमी. जन्मभर शाकाहार, त्यात मधुमेहासाठी बरीच वर्षे मेटफॉर्मिन. दोन्हींनी बी-१२ कमी होऊ शकते. इंजेक्शने सुरू केली. म्हणूनच अशा प्रवासाची तपासणी निघण्याच्या आठवड्यात करू नये, तीन महिने आधी करावी. जे सापडेल ते सुधारायला शरीराला वेळ हवा.

त्या तीन महिन्यांत दोघांनाही व्यायाम दिला. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, सकाळ-संध्याकाळ. घराच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कठडा धरून एक पाय सावकाश खाली टेकवणे आणि परत वर घेणे. मग आठवड्यातून दोनदा पर्वती. १०३ पायऱ्या, बऱ्याच उंच, आणि माथ्यावर बसायला सावली; पुणेकरांना यापेक्षा सोयीचे सरावाचे ठिकाण मिळणार नाही. एक साधा नियम काकूंनी पाठ केला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. हातात काठी हवीच. घडी होणारी काठी घ्यावी आणि विमानात ती मोठ्या बॅगेत टाकावी.

औषधांविषयी थोडे सांगितलेच पाहिजे. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी दोन तास चढ-उतार केला, तर साखर एकदम खाली येऊ शकते. इटलीत रात्रीची उपाहारगृहे साडेसातच्या सुमारास उघडतात, आपल्या संध्याकाळच्या खाण्याच्या वेळा तिथे जुळत नाहीत. खिशात राजगिऱ्याची चिक्की आणि ग्लुकोज असावे, बॅगेत नव्हे, खिशात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल, किंवा मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल, तर उन्हात घाम आणि लघवी या दोन्ही वाटांनी पाणी जाते आणि बाकावरून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते. प्रोस्टेटसाठीच्या टॅम्सुलोसिननेही असे होऊ शकते. यातली कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. चालण्याच्या दिवसांपुरते काय करायचे ते आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. सर्व औषधे हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह ठेवा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तो सर्वच काढतात. पण जुने आजार त्यात धरले आहेत का, हे फार थोडे वाचतात. संकटात युरोपभर ११२ हा क्रमांक चालतो.

आणि पाणी. काकूंसारख्या कितीतरी जणी प्रवासात तहान दाबून ठेवतात. पायवाटेवर स्वच्छतागृहे नसतात हे खरे. म्हणून त्यांना सांगितले की, दोन तासांहून मोठा टप्पा घ्यायचाच नाही, निघण्यापूर्वी गावात किंवा स्थानकावर पैसे देऊन जाऊन यायचे, आणि मग निःशंक मनाने पाणी प्यायचे. माझ्या मते चिंक्वे तेर्रेच्या बाजूने हा एकच मुद्दा पुरेसा होता. जुलै-ऑगस्टमध्ये तर दोन्ही किनारे टाळावेत. ऊन कडक आणि गर्दी त्याहून. शरद ऋतूत चिंक्वे तेर्रेला जाणाऱ्यांनी पावसाच्या इशाऱ्याकडे लक्ष ठेवावे. २५ ऑक्टोबर २०११ रोजी मोंतेरोस्सो आणि वेर्नात्सा या दोन्ही गावांत पुराचा चिखल भरला होता, आणि आता तसा इशारा असला की वाटा बंद ठेवतात.

मग अमाल्फीला कोणी जावे? ज्यांना मुळात फार चालायचेच नाही त्यांनी, असे माझे काहीसे उफराटे वाटेल असे मत आहे. मायोरीला मुक्काम करावा. तिथे समुद्रालगत लांब सपाट रस्ता आहे. बोटीने अमाल्फीला जावे, कॅथीड्रलच्या ६२ पायऱ्या चढायच्या की खालच्या चौकात बसून पाहायच्या ते तिथेच ठरवावे. एक दिवस रावेल्लोच्या बागांसाठी ठेवावा. 'देवांची वाट' घरातल्या धडधाकट माणसाने सकाळी लवकर सुरू करावी आणि नोचेल्लेहून बस पकडावी. पण त्या दिवशी जो मागे राहील तो जाण्यायेण्यासह पाच-सहा तास मागे राहील, हे मान्य करूनच.

काका-काकूंच्या मुलीशी मी फोनवर बोललो. ती म्हणाली, "काका, बाबांना वाईट वाटेल." मी म्हटले, वाटेल; पण मोंतेरोस्सोहून बाबा आणि तू चालत निघालात तर दोन तासांनी वेर्नात्साच्या धक्क्यावर आई भेटेल, कारण ती गाडीने आधीच तिथे पोहोचलेली असेल. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि तिने मोंतेरोस्सोला खोली घेतली, तळमजल्यावरची.

जूनमध्ये दोघे परत आले तेव्हा काकांचे हिमोग्लोबिन १२.४ झाले होते. वेर्नात्साच्या वाटेवर ते चार वेळा थांबले, दमामुळे नव्हे, फोटो काढायला, असा त्यांचा दावा होता. काकूंनी 'प्रेमाची वाट' पूर्ण केली आणि बोनास्सोलाचे बोगदे दोनदा. धक्क्यावर वाट पाहताना शेजारी बसलेल्या एका वृद्ध इटालियन बाईने त्यांना काहीतरी खूप वेळ सांगितले. भाषा एकमेकींची कळत नव्हती, पण गुडघ्यांविषयीच बोलणे चालले होते याबद्दल काकूंना शंका नाही.

निघताना त्या दारात थांबल्या. "डॉक्टर, पुढच्या वर्षी ते दुसरे बघायचे म्हणतेय मी. देवांचे."

मी म्हटले, "आधी हा जिना उतरून दाखवा." आणि दार उघडे ठेवून ऐकत राहिलो.